लायडनची चौदा पानं

विवेक मेश्रामची आणि माझी ओळख बर्फ उपसताना झाली. अमेरिकेतल्या हर्नडन गावात आमची टाउनहाउसेस समोरासमोर आहेत. त्या वर्षी जानेवारीत रात्रभर बर्फ पडला होता, आणि सकाळी हा माणूस आपला ड्राइव्हवे सोडून माझ्या दारापुढचं साफ करत होता. मी आभार मानायला बाहेर आलो तर म्हणाला, "तुमच्याकडे काल पाहुणे आले होते ना, वयस्कर? घसरले असते." पाहुणे आदल्या रात्रीच परत गेले होते. पण विवेकने त्यांना येताना पाहिलं होतं, जाताना पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याला झोप लागली नव्हती.

काळजी करणं हा त्याचा स्वभाव, आणि नोकरीही तीच. एका मोठ्या डेटा सेंटरचं नेटवर्क तो सांभाळतो. समोर पडदे असतात, पडद्यांवर शेकडो हिरवे ठिपके. एखादा ठिपका लाल झाला की याने कारण शोधायचं. लाल होण्याआधीच शोधलं तर उत्तम. या कामात त्याच्याइतका चांगला माणूस मिळणं अवघड, असं त्याच्या ऑफिसातले लोक सांगतात.

तो नऊ वर्षं अमेरिकेबाहेर गेला नव्हता. ग्रीन कार्डच्या रांगेत त्याचा नंबर अजून फार मागे. इथे राहायला, काम करायला परवानगी होती, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. एकदा बाहेर गेलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. त्याच्या टीममधला गुरुनाथ असाच शिक्क्यासाठी मुंबईला गेला आणि कागद तपासणीत अडकून पाच महिने तिथेच राहिला. तेवढ्यात इकडची नोकरी गेली, बायकोने एकटीने घर आवरलं. तेव्हापासून विवेकने भारताचं तिकीट हा विषयच बंद केला. चार वर्षांपूर्वी त्याचे वडील नागपुरात वारले, तेव्हा तो नुकताच नोकरी बदलून बसला होता. वकिलाने सांगितलं, आत्ता बाहेर पडू नका. अंत्यविधी त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिला. कुणा नातेवाइकाच्या हातातला फोन हलत होता, बुद्धवंदनेचा आवाज तुटत होता, आणि नेमकं शेवटी नेटवर्क गेलं.

त्याची आई शीलाताई. नागपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांच्या वस्तीतून एम. एस्सी. झालेली पहिली मुलगी. वय अडुसष्ट, एक गुडघा बदललेला, साखरेची गोळी दोन वेळा. गेल्या वर्षी मे महिन्यात त्या पाच महिन्यांसाठी हर्नडनला आल्या, पण येण्याआधी फोनवर एक अट घातली.

"वाटेत अ‍ॅमस्टरडॅम लागतं ना रे? परत जाताना मला तिथे एक दिवस उतरू दे."

"काय आहे तिथे?"

"लायडन आहे. विमानतळापासून आगगाडीने पाव तास. तिथली बाग मला बघायची आहे."

लायडन हे हॉलंडमधलं विद्यापीठाचं गाव. तिथल्या चारशे वर्षं जुन्या बागेत त्या देशातले पहिले ट्यूलिप फुलले, हे शीलाताईंनी दरवर्षी अकरावीच्या वर्गाला सांगितलं होतं. एकतीस वर्षं, एकतीस बॅचेस. न बघताच.

विवेकने आधी नाही म्हटलं. मग अपर्णाने, म्हणजे त्याच्या बायकोने, समजावलं. तेरा वर्षांच्या इलाने तर निकालच लावला. "डॅड, शी वॉन्ट्स टू गो. लेट हर गो, यार." शीलाताईंनी नागपूरहून निघण्याआधीच युरोपचा शेंगेन व्हिसा काढला. आता विवेकच्या हातात एकच गोष्ट उरली. आईला एकटीला फिरायचं असेल तर कसं फिरायचं, ते त्याने लिहून द्यायचं.

आणि तो लिहायला बसला. सबंध ऑगस्ट आणि सप्टेंबर तो रोज संध्याकाळी लॅपटॉपवर लायडनच्या रस्त्यांवरून चालायचा. स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंमध्ये, एकेक पाऊल टाकत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत. कुठे फरशी आहे, कुठे विटांचा रस्ता, कुठे चढ. बाकडी मोजली, कारण आईचा गुडघा. स्वच्छतागृहं शोधली, त्यांना कुठली नाणी लागतात तेही. मला एकदा त्याने अर्धा तास उभं करून तो सगळा रस्ता दाखवला. स्टेशनातून बाहेर पडलं की पवनचक्की, मग जुना गुरांचा बाजार, मग रापेनबर्ग नावाचा कालवा आणि कालव्याकाठी ती बाग, मग मोठं चर्च, धान्यबाजाराचा छप्पर असलेला पूल, आणि शेवटी टेकाडावरचा गोल किल्ला. जिथे तो कधी गेला नव्हता, जाण्याची शक्यताही नव्हती, त्या गावातल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दाराचा रंग त्याला पाठ होता.

चौदा पानं झाली. मराठीत, मोठ्या अक्षरात, फोटोंसकट. शीलाताईंनी ती चाळली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इतकं काय लिहून राहिला रे? मी फिरायला चालले, प्रॅक्टिकलच्या परीक्षेला नाही."

"प्रत्येक ठिकाणी पोचलीस की फोटो पाठव. फक्त एक फोटो. आणि लोकेशन चालू ठेव."

"ठेवते."

"बंद करायचं नाही."

"नाही रे बाबा."

निघायच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा एकदा तो रस्ता चालून पाहिला आणि त्याला एक गोष्ट दिसली, जी दोन महिने दिसली नव्हती. कालव्याला कठडा नव्हता. रस्ता संपतो, दगडी कड, खाली पाणी. त्याने अपर्णाला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "शेकडो वर्षं लोक चालतायत तिथून." त्याने पान सहावर लाल अक्षरांत एक ओळ वाढवली: घरांच्या बाजूने चाल, पाण्याच्या बाजूने नको.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी शीलाताईंना डलेस विमानतळावर सोडलं. दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमाला नागपुरात असायलाच हवं, म्हणून त्यांनी तीच तारीख धरली होती. सोमवारी इलाच्या शाळेला सुट्टी होती. अपर्णा आणि विवेक दोघंही घरूनच काम करत होते.

सोमवारी पहाटे पावणेसहाला मेसेज आला: उतरले. मग: हॉटेलात सामान ठेवलं. सव्वासातला, म्हणजे तिथल्या दुपारी सव्वाला, स्टेशनाचा फोटो आला. थोडा वाकडा, कोपऱ्यात त्यांचं बोट. मग पवनचक्की. मग कालवा, आणि तो घरांच्या बाजूने काढलेला होता. विवेकने दोनदा मोठा करून बघितला. साडेआठला बागेतला फोटो. एका प्रचंड झाडाच्या बुंध्यावर ठेवलेला त्यांचा हात, तपकिरी सालीवर सोन्याची एक बांगडी. खाली काहीच लिहिलं नव्हतं.

बागेसाठी त्याने पंचेचाळीस मिनिटं धरली होती. त्या तासाभराहून जास्त आत राहिल्या. साडेनऊला मेसेज आला: "निघाले. आता चर्च."

फोनवरच्या नकाशातला त्यांचा निळा ठिपका बागेच्या फाटकातून बाहेर आला, कालव्याकाठी थोडा सरकला आणि थांबला.

पावणेदहाला विवेकची मीटिंग होती. लॅपटॉपवर आठ जणांचे चेहरे, बाजूला टेकवलेल्या फोनवर तो ठिपका. पाच मिनिटं झाली. दहा झाली. कुणीतरी विवेकला प्रश्न विचारला, त्याला ऐकूच आला नाही. बसली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पण तिथे बाकडं नव्हतं. सगळ्यात जवळचं बाकडं चाळीस पावलांवर होतं. त्याने नकाशा मोठा केला. ठिपका रस्त्यावर नव्हता. तो पाण्यात होता.

जीपीएस पाचदहा मीटर चुकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही तो खुर्चीतून उठला. मीटिंग सोडून त्याने फोन लावला. रिंग न वाजता थेट व्हॉइसमेल. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

अपर्णा वरून खाली आली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता, दोन्ही हात ओट्यावर.

"आईचा फोन लागत नाहीये. पस्तीस मिनिटं झाली. ठिपका हललेला नाही."

"बॅटरी गेली असेल."

"किंवा फोन पाण्यात गेला असेल."

"विवेक."

"साखर उतरली असेल. जेवली का ती? जेवणाचा फोटो नाही आला. मी पान चारवर लिहिलं होतं, एक वाजता काहीतरी खा."

इला जिन्यावर येऊन उभी राहिली होती. तिने काही न विचारता बागेचा नंबर शोधला आणि फोन लावला. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंना नीट आठवत होतं. कागदांचं पुस्तक हातात घेतलेल्या भारतीय बाई, काचघरातल्या माळ्याशी बराच वेळ बोलत होत्या. पण त्या गेल्या. तासाभरापूर्वी गेल्या. इलाने आभार मानले आणि फोन ठेवला.

मग विमानतळाजवळचं हॉटेल. तिथे परत आल्या नव्हत्या. मग लायडनचे पोलीस, ज्यांचा नंबर पान दोनवर होता. एका शांत आवाजाच्या बाईने सगळं लिहून घेतलं. वय, उंची, आजार. "कपडे कोणते आहेत?" तिने विचारलं.

विवेकला आठवेना. त्याने स्वतः आदल्या रात्री आईला विमानतळावर मिठी मारली होती. त्याला काहीही आठवेना.

"पर्पल स्वेटर," इला बापाच्या कानाशी म्हणाली. "ग्रे शूज. आणि केसांना माझी ब्लॅक क्लिप."

जांभळा स्वेटर, राखाडी बूट. पोलीसबाई म्हणाल्या, आम्ही गस्तीवरच्या लोकांना कळवतो, पण प्रौढ व्यक्ती आहे, तासच झालाय, तुम्ही घाबरू नका. तिथे पाऊस पडतोय, कदाचित कुठेतरी आडोशाला थांबल्या असतील.

पाऊस. विटांचे रस्ते पावसात कसे होतात, हे त्याने एका पानावर लिहिलं होतं, पण पाऊस पडणार नाही असं हवामानाच्या अ‍ॅपने सांगितलं होतं.

विवेकने चौदा पानांची आपली प्रत प्रिंटरजवळून आणली आणि टेबलावर पसरली. आता कुठे असेल? बागेतून निघून छोट्या पुलावरून पलीकडे, मग गल्ली, मग चर्च. त्याने पुन्हा स्ट्रीट व्ह्यू उघडला, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत असलेली तारीख त्याला आज दिसली. तो ज्या रस्त्यावरून दोन महिने चालला होता, त्याचे फोटो काही वर्षांपूर्वीचे होते.

इला एकेक पान उलटत होती. एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मग पुन्हा. "डॅड," ती म्हणाली, "आपला नंबर कुठेय यात?"

विवेकने पानं हातात घेतली. पोलिसांचा होता. हॉटेलचा होता, रुग्णवाहिकेचा होता, भारतीय दूतावासाचा होता. हर्नडनच्या घराचा, त्याचा स्वतःचा, अपर्णाचा, एकही नव्हता. तो आईच्या फोनमध्ये होता ना. फोन असणारच होता, म्हणून त्याला सुचलंच नव्हतं. आईला नागपूरच्या जुन्या लँडलाइनचा नंबर पाठ होता. त्याचा नव्हता. गेल्या नऊ वर्षांत तिने तो कधी बोटांनी दाबलाच नव्हता, फोटोवर बोट ठेवलं की लागायचा.

तो उठला, वर गेला. खाली आला तेव्हा हातात पासपोर्ट होता.

"संध्याकाळी पावणेसहाला डलेसहून फ्लाइट आहे," तो म्हणाला. "अर्जंट व्हिसा मिळतो का बघतो. नाहीतर तसाच काउंटरवर जाऊन उभा राहतो."

"आणि परत कसा येशील?"

"माहीत नाही."

"घर, इलाची शाळा..."

"अपर्णा, मागच्या वेळी मी लॅपटॉपसमोर बसून राहिलो. आता पुन्हा नाही बसणार."

अपर्णा नंतर मला म्हणाली, त्या क्षणी तिला त्याच्या आईपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. हा माणूस खरंच जाईल, हे तिला दिसत होतं. शेंगेन व्हिसा एका दिवसात मिळत नाही, त्याच्याशिवाय विमानात कुणी बसू देणार नाही, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. तरी तो टेबलाशी बसून तिकिटाच्या पानावर आपलं नाव टाइप करत होता, आणि मेश्रामचं स्पेलिंग दोनदा चुकलं.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी त्याचा फोन वाजला. पडद्यावर आईचं नाव.

"हॅलो, आई?"

आधी एक परका आवाज आला, म्हातारा, बाईचा, मोडक्या इंग्रजीतला. "युवर मदर इज हिअर. शी इज ओके. वन मोमेंट." मग खुडबुड, मग शीलाताई.

"विवेक, मी आहे. ऐकतोस ना? मी ठीक आहे."

त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि खाली फरशीवरच बसला. अपर्णाने विचारलं, "आई, तुम्ही कुठे आहात? काय झालं?"

झालं होतं ते असं. बागेतून बाहेर आल्यावर फोन बंद पडला. दिवसभर लोकेशन आणि फोटो, बॅटरी कितीशी टिकणार? शीलाताईंनी म्हटलं, पानं आहेत ना. पण पानांतला पुढचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता, आडवे पिवळे खांब लावलेले. त्या दुसऱ्या वाटेने वळल्या, तिथून तिसऱ्या, आणि मग पानांवरचा एकही फोटो जुळेना. पाऊस सुरू झाला. एका गल्लीत ओल्या विटांवरून पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. समोर एक कमान होती, उघडी. आत चौकोनी अंगण, भोवती बुटकी घरं. पूर्वी तिथे म्हाताऱ्या गरिबांना राहायला जागा द्यायचे, आता साधे भाडेकरू राहतात. त्या आत जाऊन एका पायरीवर बसल्या. त्या घरातल्या ऐंशीच्या पुढच्या त्रूस नावाच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं, आत नेलं, टॉवेल दिला, मनगटाला पट्टी बांधली, गोड बिस्किटं खायला घातली. मुलाला फोन करा म्हणून आपला फोनही पुढे केला.

"आणि मला तुझा नंबर येईना," शीलाताई म्हणाल्या. "नागपूरच्या घराला लावला, तिथे कोण उचलणार? मग त्यांच्या नातवाचं चार्जर शोधलं. ते माळ्यावरच्या पेटीत निघालं."

"हात हलतो का?" विवेकने शेवटी विचारलं.

"दुखतो. बोटं हलतात." मग त्या म्हणाल्या, "घाबरले होते रे. अशी कधी घाबरले नव्हते. तिथे बसून मनात म्हटलं, आता हा तिकडे काय करत असेल."

त्रूसबाईंनी टॅक्सी बोलावली आणि स्टेशनापर्यंत सोबत आल्या. पोलिसांना इलाने कळवलं. चर्च, धान्यबाजाराचा पूल, किल्ला, हे सगळं राहिलं. विवेक दुपारी बारानंतर लॅपटॉपशी जाऊन बसला, मॅनेजरला लिहिलं की घरी अडचण होती, आणि तिकिटाचं अर्धवट भरलेलं पान बंद केलं. पासपोर्ट मात्र वर नेऊन ठेवला नाही. तो दोन दिवस जेवणाच्या टेबलावर तसाच पडून होता.

नागपुरात एक्स-रे काढला तेव्हा मनगटाच्या हाडाला बारीक चीर निघाली. महिनाभर प्लास्टर. गळ्यात झोळी अडकवून शीलाताई दीक्षाभूमीवर गेल्या, आणि ज्याला त्याला हात कुठे मोडला ते सांगत होत्या, असं विवेकच्या मावशीने कळवलं.

नोव्हेंबरमध्ये विवेकने मुंबईच्या व्हिसा मुलाखतीची तारीख घेतली. मला त्याने हे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवता ठेवता सांगितलं, जसं काही दाढीच्या ब्लेडची खरेदी करायची आहे. पण तो आठ किलोंनी उतरला होता. मॅनेजरकडून पत्र घेतलं, वकिलाकडून दोनदा कागद तपासून घेतले, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवला, अपर्णाला सगळे पासवर्ड दिले. फेब्रुवारीत गेला. मुलाखत चार मिनिटांची झाली. खिडकीमागच्या माणसाने एक कागद दिला: आणखी तपासणी आवश्यक. गुरुनाथला मिळाला होता, तोच.

पुढचे एकोणीस दिवस तो नागपूरला आईकडे होता. दर तासाला व्हिसाच्या वेबसाइटवर नंबर टाकून बघायचा. आणि त्या दिवसांत घरी माणसं येऊ लागली. वडिलांच्या कारखान्यातले सोबती, वस्तीतली मंडळी, बुद्धविहारातल्या बायका. चार वर्षांपूर्वीच्या मृत्यूचं सांत्वन करायला. तेव्हा मुलगा नव्हता, आता आलाय, म्हणून भेटायला. चहा घ्यायचे, थोडं गप्प बसायचे, मग वडिलांची एखादी आठवण सांगायचे. विवेकला आधी अवघडल्यासारखं झालं. नंतर तो दुपारपासून वाट बघू लागला, आज कोण येईल. एका संध्याकाळी एका वृद्ध कामगाराने वडिलांनी लग्नाच्या वरातीत केलेल्या नाचाची नक्कल करून दाखवली, आणि विवेक हसता हसता रडला. त्या दिवशी त्याने सहा तास वेबसाइट उघडली नाही.

विसाव्या दिवशी पासपोर्ट आला, शिक्क्यासह.

डलेसच्या इमिग्रेशनमध्ये त्याच्या हातात कागदांची जाड फाइल होती. अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, पासपोर्ट परत दिला आणि पुढच्या माणसाला खूण केली. विवेक जागचा हलला नाही.

"बाकी काही बघायचं नाही का?" त्याने विचारलं. "माझ्याकडे सगळं आहे."

"नाही," अधिकारी म्हणाला. "जा घरी."